बोअरचं पाणी लॅबला देताना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीपासून हाकेच्या अंतरावर आमची सोसायटी. गंगापूर धरणाचं पाणी कमी पडलं की वॉचमन बोअर सुरू करायचा, दोन्ही पाणी एकाच टाकीत. उन्हाळ्यात बादलीत पिवळट छटा दिसली. आरओवाल्याने मीटर बुडवला, ‘ताई, टीडीएस ३१०, बिनधास्त प्या!’ अहो, टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांची गोळाबेरीज. कारखान्यांतून येऊ शकणाऱ्या क्रोमियम या धातूची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, ते त्यात काय दिसणार?

नमुना एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबलाच द्या. टाकीतून नको, थेट बोअरच्या नळातून, पंप थोडा वेळ चालवून. बाटली लॅबकडूनच आणा. मी कोल्ड्रिंकची धुऊन नेली होती, तिथल्या मुलीने हसून परत पाठवलं. धातूंच्या टेस्टसाठीच्या बाटलीत आम्लाचे थेंब असतात, ती विसळायची नाही. सॉल्व्हंट म्हणजे कारखान्यातली उडून जाणारी द्रावकं, त्यांच्या टेस्टसाठी काचेची, काठोकाठ भरलेली, आत बुडबुडाही नको.

नुसतं ‘पिण्याच्या पाण्याची टेस्ट’ म्हणू नका. क्रोमियम, निकेल, शिसं अशी नावं घेऊन सांगा. पीएफएएस, म्हणजे सहजी न विघटणारी औद्योगिक रसायनं, तर आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या यादीतच नाहीत, म्हणजे ‘मानकानुसार योग्य’ या शेऱ्यातून त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यातल्या पीएफओए, पीएफओएसला लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. ही टेस्ट महाग, आधी दर विचारा.

उकळून धातू जात नाहीत, पाणी आटतं नि प्रमाण उलट वाढतं. रिपोर्ट येईपर्यंत बोअरचा व्हॉल्व्ह बंद. आमच्याकडे आता बोअरची टाकी वेगळी, फक्त फ्लशला. त्यासाठी चार मीटिंगा भांडलो.