आरएचपी वाचताना या चुका टाळा: आधी पैसा कुठं जातो ते बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी हातात आली की शेतकरी नुसती खालची बेरीज बघून घरी जात नाही. पोती किती, वजन किती, हमाली-तोलाई किती कापली, हे ओळीनं बघतो आणि पन्नास रुपयांचा फरक दिसला तरी अडत्याला विचारतो. तोच माणूस त्या पट्टीच्या पैशातून आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला, अर्ज करतो तेव्हा मात्र आरएचपी या चारशे-पाचशे पानांच्या माहितीपत्रकातलं एक पानही उघडत नाही. ग्रुपवर 'जीएमपी ऐंशी रुपये' (शेअर बाजारात यायच्या आधी बाहेर अनधिकृतपणे चालणारा वरचा भाव) एवढी ओळ आली की झालं. कष्टाचा पैसा असा जाताना बघून जीव तुटतो.

कागद इंग्रजीत आहे, जाड आहे, वकिली भाषेत आहे, हे सगळं खरं. पण तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा नसतोच. ठरलेल्या पाच-सहा जागी बोट ठेवायचं, शेजारी कॅल्क्युलेटर आणि कोरा कागद. एक निवांत संध्याकाळ पुरते.

मसुद्यालाच अंतिम कागद समजणं

डीआरएचपी म्हणजे आरएचपीचा मसुदा. तो शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे दाखल होतो आणि लोकांच्या सूचनांसाठी किमान २१ दिवस खुला असतो. सेबीची निरीक्षणं हातात आल्यावर नेहमीच्या मार्गानं आलेल्या कंपनीला इश्यू (शेअरविक्री) आणायला बारा महिने मिळतात. त्यामुळे मसुद्यातले आकडे अर्ज करायच्या वेळी वर्षभर शिळे झालेले असू शकतात. आरएचपी हा पुढचा कागद. तो इश्यू उघडण्याच्या किमान तीन दिवस आधी रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे जातो आणि त्यात ताजा हिशेब असतो. दोन्ही कागद सेबीच्या संकेतस्थळावर 'फायलिंग्ज' आणि त्याखाली 'पब्लिक इश्यूज' इथं फुकट मिळतात. कुणी फॉरवर्ड केलेली पीडीएफ वाचू नका.

आरएचपीतही बऱ्याच आकड्यांच्या जागी चौकटी कंसात एक काळा ठिपका दिसेल. फाइल खराब नाही. किंमत अजून ठरलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. किंमतपट्टा, म्हणजे शेअरची खालची आणि वरची किंमत, इश्यू उघडण्याच्या किमान दोन कामाचे दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर होतो आणि किमतीशी जोडलेली गुणोत्तरंही त्याच जाहिरातीत भरून येतात. म्हणून जाहिरात आणि आरएचपी शेजारी ठेवूनच वाचायचे. दोन्ही फायली उघडून मसुद्यापेक्षा विक्रीचे शेअर वाढले का, नव्या तिमाहीत नफा घसरला का आणि खटल्यांच्या यादीत भर पडली का, एवढं मिळवून बघायची माझी सवय आहे. बाकी फरक शोधत बसण्यात वेळ जातो.

'सेबीनं मान्यता दिलीय'

नाही दिलेली. कंपनीची आर्थिक ताकद किंवा कागदातली विधानं बरोबर आहेत की नाहीत, याची जबाबदारी सेबी घेत नाही, असं त्याच कागदात स्पष्ट छापलेलं असतं. एसएमई, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांच्या, इश्यूमध्ये तर मसुद्याची छाननी सेबी करतच नाही, ते काम एक्स्चेंज करतं.

पैसा कंपनीत जातो की कुणाच्या खिशात, हे न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुखपृष्ठावरच इश्यूचे दोन भाग लिहिलेले असतात. फ्रेश इश्यू म्हणजे नवे शेअर, त्याचा पैसा कंपनीत येतो. ऑफर फॉर सेल म्हणजे जुने भागधारक आपले शेअर विकतात, त्याचा एक रुपयाही कंपनीला मिळत नाही. मे २०२२ मधला एलआयसीचा इश्यू संपूर्ण ऑफर फॉर सेल होता, पैसा सरकारकडे गेला. ऑक्टोबर २०२४ मधला ह्युंदाई मोटर इंडियाचा सुमारे २७,८७० कोटींचा इश्यूही तसाच होता, ते पैसे कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेले. २०२१ मध्ये पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी विकणाऱ्यांचे होते आणि ८,३०० कोटी कंपनीचे.

ऑफर फॉर सेल म्हणजे फसवणूक, असं मात्र धरू नका. दहा-बारा वर्षं पैसा अडकलेला फंड कधीतरी बाहेर पडणारच. प्रश्न इतकाच, की विकणारा कोण आहे, त्याचा शेअर सरासरी किती रुपयांना पडलाय आणि विकून झाल्यावर त्याच्याकडे किती उरतात. विकणाऱ्यांची सरासरी खरेदी किंमत कागदात द्यावीच लागते. गेल्या एक वर्षात, अठरा महिन्यांत आणि तीन वर्षांत झालेल्या व्यवहारांची सरासरी किंमतही दिलेली असते. सहा महिन्यांपूर्वी कुणाला शंभर रुपयांना दिलेला शेअर आज तुम्हाला अडीचशेला मिळत असेल, तर मधल्या काळात कंपनीत नेमकं काय बदललं हे त्याच कागदात सापडायला हवं. नाही सापडलं तर मी तिथंच फाइल बंद करतो.

आता 'ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर' हे प्रकरण. नवा पैसा कशाला लागणार याचा तक्ता इथं असतो. नवशिके तक्ता बघतात आणि 'विस्तारासाठी पैसा उभारतायत' म्हणून खूश होतात. खरी माहिती तक्त्याच्या खाली असते, कोणतं यंत्र, कोणाकडून, किती रकमेला, दरपत्रक कोणत्या तारखेचं, ते कधीपर्यंत ग्राह्य.

सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रॅफिकसोल नावाच्या कंपनीचा ४४.८७ कोटींचा एसएमई इश्यू आला. मागणी ३४५ पटींवर गेली. उद्दिष्टांच्या तक्त्यात १७.७० कोटी एक सॉफ्टवेअर विकत घ्यायला ठेवलेले होते, म्हणजे इश्यूच्या जवळजवळ ४० टक्के. ते ज्या विक्रेत्याकडून घ्यायचं होतं त्याच्याविषयी तक्रार आली आणि शेअर बाजारात यायच्या तोंडावर नोंदणी थांबली. चौकशीत तो विक्रेता नावापुरतीच कंपनी असल्याचं सेबीला दिसलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्यांचे पैसे परत करायचा आदेश निघाला. नशिबानं पैसे वाचले. पण ती १७.७० कोटींची ओळ अर्ज करण्याआधी सगळ्यांपुढे छापलेली होती. एवढ्या लोकांपैकी किती जणांनी ती वाचली असेल?

म्हणून मोठ्या रकमेच्या ओळीपुढे ज्या विक्रेत्याचं नाव असेल, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'मास्टर डेटा'मध्ये टाकून बघायचं. कंपनी कधी स्थापन झाली, भांडवल किती, शेवटचा ताळेबंद कोणत्या सालचा दाखल केलाय, एवढं फुकट दिसतं. दहा मिनिटांचं काम. वीस कोटींचं यंत्र विकणारी कंपनी एक लाख भांडवलाची असेल आणि तिनं दोन वर्षं ताळेबंदच भरला नसेल, तर पुढं वाचायची गरज नाही.

याच प्रकरणात आणखी दोन गोष्टी बघा. नवा कारखाना काढायचा असेल, तर 'अवर बिझनेस'मध्ये जाऊन आत्ताच्या कारखान्याची किती टक्के क्षमता वापरात आहे ते बघा. ५५ टक्केच वापर असताना क्षमता दुप्पट करायचं कारण पटलं पाहिजे. खेळत्या भांडवलासाठी पैसा मागितला असेल, तर मागच्या तीन वर्षांत उधारी किती दिवसांची होती आणि पुढं किती दिवसांची धरलीय, याचा तक्ता असतो. जुने दिवस ७०, ७५, ८० आणि पुढचे अचानक ११०? मग गिऱ्हाईक पैसे द्यायला वेळ लावतंय आणि त्याची भरपाई तुमच्या पैशातून होणार. 'जनरल कॉर्पोरेट पर्पजेस' ही रक्कम मेनबोर्डवर (मोठ्या कंपन्यांच्या बाजारात) इश्यूतून कंपनीत येणाऱ्या एकूण पैशाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ती अगदी काठाला टेकलेली दिसली, तर पैशाचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही असंच मी धरतो.

जाहिरातीतला पी-ई जसाच्या तसा धरणं

ही आणखी एक चूक, आणि भरपूर शिकलेली माणसंही ती करतात. ईपीएस म्हणजे एका शेअरमागचा नफा आणि पी-ई म्हणजे शेअरची किंमत त्या नफ्याच्या किती पट. जाहिरातीतला पी-ई हा इश्यूच्या आधीच्या शेअरसंख्येवर काढलेल्या ईपीएसवरचा असतो. अर्ज करणाऱ्याला मात्र इश्यूनंतरच्या कंपनीचा भागीदार व्हायचंय.

उदाहरणाला एक कंपनी मनात धरू. नफा ४० कोटी, शेअर ४ कोटी, म्हणजे ईपीएस १० रुपये. किंमत २५० रुपये ठरली, पी-ई झाला २५. याच धंद्यातल्या इतर कंपन्या २८ ला मिळतात, म्हणून सगळे 'स्वस्त आहे' म्हणतात. पण कंपनी २५० कोटींचे नवे शेअर काढतेय. २५० रुपयांनी ते झाले १ कोटी शेअर. आता एकूण शेअर ५ कोटी, ईपीएस ८ रुपये आणि पी-ई ३१.२५. स्वस्त दिसणारा शेअर सोबत्यांपेक्षा महाग निघाला.

पण इथंही थांबू नका, नाहीतर उलट्या बाजूनं अन्याय होतो. त्या २५० कोटींपैकी १०० कोटींचं कर्ज फेडायचं असेल आणि व्याज १० टक्के असेल, तर वर्षाचे १० कोटी वाचतील, साधारण २५ टक्के कर वजा जाता साडेसात कोटी. नफा ४७.५ कोटी धरला तर पी-ई येतो २६.३ च्या आसपास. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असतो आणि तो तुम्हीच काढायचा असतो. इश्यूनंतरचे एकूण शेअर गुणिले किंमतपट्ट्यातली वरची किंमत, भागिले नफा. एवढा गुणाकार टाळून 'पी-ई किती हो?' म्हणून ग्रुपवर विचारणाऱ्यांनी निदान दोन लाखांचे अर्ज तरी करू नयेत.

तुलनेच्या सोबती कंपन्या इश्यू आणणारी कंपनीच निवडते. यादीत फक्त दहापट मोठ्या, नावाजलेल्या कंपन्या असतील, तर त्यांचा पी-ई या कंपनीला लावता येत नाही. तीन-सहा महिन्यांच्या आकड्याला चारनं किंवा दोननं गुणून वर्ष बनवू नका. कागदात त्या ईपीएसशेजारी 'नॉट अ‍ॅन्युअलाइज्ड' लिहिलेलं असतं ते याचसाठी. साखर कारखान्याचा गळीत हंगामातला तिमाही हिशेब चारनं गुणलेला सांगलीत कुणी मान्य करेल का?

जोखमींची यादी सोडून देणं

'सगळ्याच कंपन्या तेच ते लिहितात' असं म्हणून ही पानं उलटली जातात. निम्मी यादी खरंच तीच असते, महापूर, महामारी, युद्ध, कायद्यातले बदल. पण जोखमी महत्त्वाच्या उतरत्या क्रमानं लिहायच्या असतात, त्यामुळे पहिल्या दहा-बारा वाचाव्याच लागतात. पेन्सिल घेऊन आकडा असलेल्या वाक्याखाली रेघ मारा. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून किती टक्के विक्री, पहिल्या दहांकडून किती, एकाच कारखान्यावर किती अवलंबून. आणि क्रियापद बघा. 'उशीर होऊ शकतो' ही सावधगिरी झाली. 'मागील काळात पीएफ भरायला उशीर झाला आहे' ही कबुली आहे, आणि सहसा खालच्या तक्त्यात किती वेळा ते लिहिलेलं असतं.

मिलियन आणि कोटी यांत गल्लत

मोठ्या कंपन्यांचे आकडे बहुधा मिलियनमध्ये असतात, एसएमईचे लाखात. मिलियनला दहानं भागलं की कोटी. २,३४५.६० मिलियन म्हणजे २३४.५६ कोटी. तक्त्याच्या माथ्यावरची बारीक ओळ आधी वाचायची, मग आकडा.

नफा बघून रोख न बघणं

'रिस्टेटेड' (पुन्हा मांडलेल्या) हिशेबात नफ्याच्या पुढे काही पानांवर कॅश फ्लो असतो. तीन वर्षांचा नफा एका ओळीत आणि धंद्यातून आलेली रोख दुसऱ्या ओळीत, असं कागदावर उतरवा. नफा दरवर्षी वाढतोय आणि रोख तिन्ही वर्षं उणे, तर माल उधारीवर गेलाय. ३०० कोटींच्या विक्रीवर १५० कोटींचं येणं म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांची उधारी. तासगावचा बेदाणा व्यापारी अशा माणसाला दुसरा ट्रक भरून देणार नाही.

बाकीचं थोडक्यात. धंद्याच्या आढाव्याचा अहवाल बहुतेक वेळा कंपनीनंच पैसे देऊन करून घेतलेला असतो, तो शेवटी वाचा, नाही वाचला तरी चालेल. किरकोळ अर्जदारांना ३५ टक्क्यांऐवजी १० टक्केच राखीव दिसले, तर कंपनी नफा-मालमत्तेच्या नेहमीच्या कसोट्यांत बसलेली नाही, कोणती कसोटी चुकली ते शोधा. खटल्यांत संख्या बघू नका, रक्कम बघा आणि ती कंपनीच्या नक्त मूल्याशी ताडा. अँकर गुंतवणूकदारांचे (इश्यू उघडायच्या आधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) निम्मे शेअर ३० दिवसांनी आणि उरलेले ९० दिवसांनी मोकळे होतात, त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. जीएमपी आरएचपीच्या कुठल्याच पानावर नसतो.

आणि घाई. इश्यू किमान तीन कामाचे दिवस उघडा असतो. पहिल्या दिवशी सकाळी दहाला अर्ज टाकला म्हणून किरकोळ गटात शेअर मिळायची शक्यता तसूभरही वाढत नाही, मागणी जास्त आली की सोडतच निघते. पहिल्या दोन संध्याकाळी कागद वाचा, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्ज करा आणि त्याच दिवशी पाचच्या आत यूपीआय मँडेट (खात्यात पैसे राखून ठेवायची परवानगी) मंजूर करा. पाचनंतर केलेली मंजुरी धरली जात नाही.