स्लायडर ओढला की डॅशबोर्ड का गचकतो? विजेट्सचे इव्हेंट नीट कसे लावायचे

एका क्लायंटसाठी सेल्सचा डॅशबोर्ड केला होता. वर जिल्ह्याचा ड्रॉपडाउन आणि बिलाच्या रकमेचा स्लायडर, मध्ये बार चार्ट, खाली टेबल, अशी चार विजेट्स, एकदम साधं. डेमोला साहेबांनी हौसेने स्लायडर धरून इकडून तिकडे ओढला आणि सगळं जे हँग झालं ते झालंच. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडला तर त्या एका ओढण्यात रिक्वेस्टची रांग लागलेली. चूक माझीच, जावास्क्रिप्टमध्ये डेटा आणायचं काम 'इनपुट' इव्हेंटवर (इव्हेंट म्हणजे युजरने काही केलं की ब्राउझर देतो ती खबर) टाकलं होतं.

स्लायडर सरकतो तसा 'इनपुट' सारखा येत राहतो, 'चेंज' मात्र बोट सोडल्यावर एकदाच. म्हणून दोन्ही लावा आणि कामं वाटून द्या: बाजूचा आकडा हलता दाखवायचा तो इनपुटवर, सर्व्हरकडे जायचं ते चेंजवर.

सर्चबॉक्सचं गणित वेगळं. तिथे चेंज येतो एंटर मारल्यावर किंवा बाहेर क्लिक केल्यावर, तोवर माणूस वाट बघत बसतो. म्हणून इनपुटच घ्या पण डिबाउन्स करून, म्हणजे प्रत्येक कीला जुना टायमर रद्द, ३०० मिलिसेकंदांचा नवा चालू, आणि बोटं थांबली की मगच शोध. आपल्याकडे अजून एक भानगड असते, फोनेटिक कीबोर्डवर 'कोल्हापूर' पूर्ण होईपर्यंत मधली अर्धीमुर्धी अक्षरंसुद्धा इनपुट म्हणून येतात. इव्हेंटचं 'इजकंपोझिंग' (अक्षरं अजून जुळतायत का ते सांगणारं) ट्रू असेल तर सोडून द्या, पण मग 'कंपोझिशनएंड'लाही (जुळणी संपल्यावर येणारा इव्हेंट) शोध लावायला विसरू नका, नाहीतर क्रोममध्ये शेवटचा शब्द शोधलाच जात नाही.

आता सगळ्यात वाईट बग. युजरने नाशिक निवडलं, लगेच विचार बदलून सांगली. सांगलीचा डेटा पटकन आला, चार्ट झाला, आणि मागून नाशिकचा रेंगाळत आलेला डेटा त्यावर बसला. ड्रॉपडाउनमध्ये सांगली, चार्ट नाशिकचा, आणि एरर कुठेच नाही!! लोक त्यावर मीटिंगा घेतात हो. उपाय म्हणजे अबॉर्टकंट्रोलर (चालू रिक्वेस्ट मध्येच रद्द करायची सोय), नवीन फेच, म्हणजे डेटाची रिक्वेस्ट, करायच्या आधी जुना अबॉर्ट करा, आणि एरर पकडणाऱ्या कॅचमध्ये रद्द केल्याचा अबॉर्टएरर गुपचूप गिळा, नाहीतर प्रत्येक फिल्टरला लाल मेसेज झळकेल.

टेबलच्या ५०० ओळींना ५०० लिसनर (इव्हेंटची वाट बघणारा कोड) लावू नका, फिल्टर बदलला की ओळी नव्याने बनतात आणि लिसनर जुन्यांबरोबर जातात. टीबॉडीवर (सगळ्या ओळी ज्यात असतात तो टॅग) एकच क्लिक लावा आणि आत टार्गेटवरून, म्हणजे प्रत्यक्ष क्लिक झालेल्या एलिमेंटवरून, 'क्लोजेस्ट'ने टीआर, म्हणजे ओळ, शोधा, कारण टार्गेट बऱ्याचदा सेलमधला आयकॉन असतो, ओळ नसते. ओळीत डिलीटचं बटण असेल तर हँडलरमध्येच (इव्हेंट आल्यावर चालणारं फंक्शन) बघा, क्लिक बटणातून आलाय का, आला असेल तर ओळ उघडू नका. स्टॉपप्रोपगेशन (क्लिक वरच्या एलिमेंटपर्यंत जाऊच न देणं) सोपं वाटतं पण मग बाहेर क्लिक केल्यावर बंद होणारे मेनू बंदच होत नाहीत, आणि ते का, हे शोधण्यात अख्खी दुपार जाते (गेलीये).

एकाच बारवर सिंगल क्लिक फिल्टरला आणि डबल क्लिक आतल्या तपशिलाला, असं करू नका. डबल क्लिकच्या आधी दोन क्लिक येतातच, म्हणजे फिल्टर लागून निघून मग तपशील उघडतो.

विजेट एकमेकांशी बोलायला लागले की खरी गंमत. चार्टवर क्लिक केलं की ड्रॉपडाउन बदलायचा, ड्रॉपडाउन बदलला की चार्ट. साध्या सिलेक्टची व्हॅल्यू कोडमधून बदलली तर चेंज येत नाही, पण बऱ्याच विजेट लायब्ऱ्या तेव्हाही इव्हेंट फेकतात आणि पिंगपाँग सुरू. म्हणून हँडलरने दुसऱ्या विजेटला हातच लावायचा नाही, फक्त एका फिल्टर ऑब्जेक्टमध्ये व्हॅल्यू लिहायची, तीच व्हॅल्यू आधी असेल तर तिथूनच परत फिरायचं, आणि सगळे विजेट त्या ऑब्जेक्टवरून एकाच फंक्शनने काढायचे.

आणि डिव्हला (साध्या डब्याचा टॅग) क्लिक लावून बटण बनवू नका, बटण टॅगच वापरा, एंटर आणि स्पेस फुकट मिळतात. अकाउंट्सवाली मंडळी टॅलीवर हात बसलेली, टॅब मारत मारत जातात, माउस बाजूलाच पडलेला असतो.