सुरक्षित संकेतस्थळासाठी प्रमाणपत्र विकत घेण्यापूर्वी या चुका टाळा

दादरच्या एका साडीविक्रेत्यांनी दिवाळीच्या तोंडावर मला त्यांच्या संकेतस्थळाच्या नूतनीकरणाचे बिल दाखवले. त्यात डोमेनपेक्षा (संकेतस्थळाच्या नावापेक्षा) ‘एसएसएल’ची, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठीच्या प्रमाणपत्राचीच रक्कम मोठी होती, आणि ती भरली नाही तर ब्राउझर दुकानाला असुरक्षित ठरवील, असे होस्टिंगवाल्यांनी त्यांना बजावले होते. प्रमाणपत्र नसलेल्या संकेतस्थळावर क्रोम जुलै २०१८ पासून तसा शेरा मारतो, हे खरे आहे. मात्र ते प्रमाणपत्र विकतच घ्यावे लागते, हे खरे नाही.

मोफत प्रमाणपत्र कच्चे असते, हा समज पहिला सोडावा. कूटबद्धीकरण, म्हणजे माहिती इतरांना वाचता न येणाऱ्या रूपात पाठवणे, किती भक्कम होईल, हे सर्व्हर आणि ब्राउझर यांच्या टीएलएस (एसएसएलची आजची आवृत्ती) जुळणीवर ठरते. प्रमाणपत्राच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही मोफत प्रमाणपत्रे देणारी ना-नफा तत्त्वावरील सेवा डिसेंबर २०१५ पासून सर्वांना खुली आहे. ती डोमेनवरचा तुमचा ताबा तपासते, तर महाग प्रमाणपत्रांसाठी संस्थेची कागदपत्रेही तपासली जातात. एखाद्या संस्थेच्या नियमांत तशी अट असेल, तर पैसे जरूर मोजावेत. परंतु क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०१९ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून कंपनीचे नाव काढून टाकल्यामुळे साडी घेणाऱ्या ग्राहकाला हा फरक सहसा दिसतही नाही.

खरी गडबड होते ती नूतनीकरणात. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि सर्टबॉटसारखी प्रणाली ते आपोआप नवे करते, म्हणून मंडळी निर्धास्त राहतात. मग कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली पोर्ट ८० (सर्व्हरवर साध्या एचटीटीपी विनंत्या येण्याची वाट) बंद करतो आणि त्याच वाटेने होणारी डोमेनची पडताळणी अडते. कधी नवे प्रमाणपत्र डिस्कवर येऊन पडलेले असते, पण एन्जिनएक्स (संकेतस्थळ ग्राहकांपर्यंत पोचवणारी सर्व्हर-प्रणाली) रीलोड न केल्यामुळे ग्राहकांना मुदत संपलेले जुनेच दिले जाते. म्हणून फाइलमधील तारीख आणि ब्राउझरमध्ये दिसणारी तारीख ताडून पाहावी. मुदत संपत आल्याचे ईमेलही लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा स्मरणाची व्यवस्था आपली आपणच करावी.

संगणकावर संकेतस्थळ उघडते आणि काही मोबाइलवर इशारा येतो, अशा वेळी बहुधा मधले, म्हणजे तुमच्या प्रमाणपत्राला ब्राउझरच्या विश्वासातील मूळ प्रमाणपत्राशी जोडणारे प्रमाणपत्र जोडायचे राहिलेले असते. तिथे ही दोन्ही एकत्र असलेली ‘फुलचेन’ फाइल द्यावी. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेले नाव प्रमाणपत्रात घालायला विसरणे ही तर नित्याची चूक. आणि काही बिघडले म्हणून पुन्हा पुन्हा नवे प्रमाणपत्र मागू नये, कारण लेट्स एन्क्रिप्टकडून त्याच नावांसाठी आठवड्याला पाचच मिळतात. प्रयोगांसाठी वेगळा चाचणी सर्व्हर उपलब्ध आहे.

साडीविक्रेत्यांच्या होस्टिंग पॅनेलमध्ये मोफत प्रमाणपत्राची सोय आधीपासूनच होती, फक्त ती कोणी चालू केलेली नव्हती. बिलातील ‘एसएसएल’ची ओळ खोडायला सांगून त्यांनी डोमेनचे पैसे तेवढे भरले.