कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळासाठी परजीवी राक्षस कसा घडवावा

तलवारीने मरणारा राक्षस एका सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या एका बैठकीत, संपतो. परंतु तो खेळाडूने घेतलेल्या पात्राच्याच शरीरात शिरलेला असेल, तर वार करायचा कोठे, या एका प्रश्नावर दोनतीन सेशन सहज रंगतात. म्हणून अशा राक्षसाची रचना हल्ले आणि हिट पॉइंट (किती मार सोसून जिवंत राहता येते ते गुण) यांपासून सुरू करू नये. तो शरीरात कसा शिरतो, आत काय करतो आणि पुढच्या पिढीसाठी यजमानाला (ज्याच्या शरीरात तो राहतो त्याला) कोठे न्यायला बघतो, हे जीवनचक्र आधी लिहून काढावे.

नमुने निसर्गात तयार आहेत. मेंढीच्या यकृतात राहणारा एक कृमी मुंगीला संध्याकाळच्या गारव्यात गवताच्या पात्यावर चावून लटकत ठेवतो, कारण ते गवत खाणाऱ्या मेंढीच्या पोटात त्याला जायचे असते. ऊन तापले की तीच मुंगी खाली उतरून नेहमीच्या कामाला लागते. खेळासाठी मला याहून सोयीचा वाटतो तो नारू. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमार्फत तो पोटात जातो, सुमारे वर्षभर काही जाणवू देत नाही आणि मग पायावर असह्य आग होणारा फोड उठवतो; रोग्याने आग शमवण्यासाठी पाय पाण्यात बुडवला की मादी आपल्या अळ्या त्या पाण्यात सोडते. वर्षाचा अवधी काही दिवसांवर आणला की आपला राक्षस जवळजवळ तयार होतो. त्याला ‘तहानकिडा’ म्हणू.

यानंतर टप्पे ठरवावेत. पहिल्या टप्प्यात केवळ न शमणारी तहान असावी. दुसऱ्यात लाभ आणि तोटा एकत्र द्यावा: किड्याला यजमान जिवंत हवा असल्याने विषाविरुद्धच्या फाशाच्या फेकीत दोनची भर मिळते, मात्र पाण्यापासून दूर असताना एकाग्रतेच्या कामात अडथळा येतो. हा लाभ वगळू नये, कारण त्याच्यामुळेच खेळाडू उपचार लांबणीवर टाकतो. तिसऱ्या टप्प्यात पात्र रात्री उठून जलाशयाकडे निघते. तेव्हाही पात्राचा ताबा गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) घेऊ नये. आज्ञा न मानल्यास किती वेदना होतील एवढे सांगून निर्णय खेळाडूवर सोडावा. खेळाडूला विश्वासात घेतले तर तो हा त्रास आपल्यापेक्षा चांगला वठवतो.

आता आकडे. रोज सकाळी वीस बाजूंच्या फाशाने सहनशक्तीची फेक घ्यावी आणि प्रत्येक अपयशाला आजार एक टप्पा पुढे सरकवावा. लक्ष्य (यशासाठी गाठायचा आकडा) 13 आणि पात्राची भर (फाशाच्या आकड्यात मिळवायची) 2 असेल, तर यशाची शक्यता बरोबर 50 टक्के राहते, आणि पाच दिवसांत तिसरा टप्पा गाठण्याची शक्यताही तेवढीच येते. लक्ष्य 11 केल्यास ती सुमारे 32 टक्क्यांवर उतरते. उपाय शोधायला गटाला किती दिवस लागतील, याचा अंदाज घेऊनच यांतला आकडा निवडावा.

सर्वांत जास्त विचार मागतो तो उपचार. अनेक नियमावल्यांत रोग बरा करणारा मंत्र फार लवकर हाती येतो आणि सारी मेहनत एका वाक्यात वाया जाते. मंत्रावर सरसकट बंदी घातली तर असे मंत्र वापरणाऱ्या धर्मोपदेशकाचे पात्र घेतलेल्या खेळाडूवर अन्याय होतो. येथेही नारू मदतीला येतो: तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढतात, आणि मध्येच तुटला तर आत राहिलेल्या भागामुळे तीव्र दाह होतो. त्याप्रमाणे मंत्राने किडा एका दिवसापुरता निपचित पडावा व त्या दिवशी त्याचा काही भाग सुरक्षितपणे बाहेर काढता यावा. घाई करून ओढल्यास मात्र इजा व्हावी.

शरीरात काहीतरी वळवळते आहे, हे वर्णन प्रत्येकाला सोसवत नाही, त्यामुळे मोहिमेपूर्वी सर्वांना विचारून घ्यावे आणि नको म्हणणाऱ्याच्या पात्राला संसर्गातून सरळ वगळावे. संकेतही आधीच पेरावेत: विहिरीवर बसवलेले झाकण, रात्री गुडघाभर पाण्यात मुकाट उभे असलेले गावकरी, आणि कोणी अडवले तरच होणारा त्यांचा हल्ला. एवढे दिसूनही गट ते पाणी उकळल्याशिवाय प्यायला, तर पहिली फेक निःसंकोच मागावी.