कार्यक्रमात फोन गप्प, तरी तातडीचा कॉल कळेल

तातडीचा कॉल चुकेल या धास्तीने अनेकजण फोन सायलेंट करत नाहीत आणि ऐन भाषणात रिंगटोन वाजते. त्यापेक्षा हे करा:

१. फोन व्हायब्रेटवर ठेवून 'डू नॉट डिस्टर्ब' (येणारे कॉल आणि सूचना अडवणारी फोनमधली सोय) चालू करा.

२. त्याच्या सेटिंगमध्ये फक्त घरच्यांच्या कॉलला परवानगी द्या. यादी छोटीच बरी.

३. पुन्हा येणाऱ्या कॉलची सोयही चालू करा. त्याच नंबरवरून आयफोनवर ३ मिनिटांत, अँड्रॉइडवर साधारण १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो अडवला जात नाही. घरच्यांना सांगून ठेवा, खरीच निकड असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा.

फोन खिशात असू द्या. टेबलावर व्हायब्रेशनचाही आवाज होतो. आणि अलार्म आधी तपासा, तो बहुतेक फोनवर यातूनही वाजतो.