ग्राफीनच्या चिपवर पीएसए मोजताना

पीएसए या प्रोस्टेट कर्करोगाच्या दर्शक प्रथिनासाठी चिप तयार करताना ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एकअणुजाड पापुद्र्यावर, प्रथम पायरीनयुक्त (सपाट कार्बन-कड्यांचा) जोडरेणू बसवावा, कारण तो कार्बनची जाळी न बिघडवता तिला चिकटतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला पीएसएला पकडणारे प्रतिपिंड जोडता येते. उरलेल्या जागा बीएसए या गाईच्या रक्तातील प्रथिनाने झाकाव्यात, म्हणजे तिथे नको ते चिकटत नाही.

खरी गोम बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात आहे: चिप पकडलेल्या पीएसएचा विद्युतभार ओळखते, पण नेहमीच्या पीबीएस या फॉस्फेटयुक्त खारट बफरमध्ये विद्युतभाराचा प्रभाव जेमतेम ०.७ नॅनोमीटरवर विरतो, प्रतिपिंड मात्र सुमारे १० नॅनोमीटरचे असते; म्हणून मोजणीसाठी बफर शंभरपट पातळ करावा, म्हणजे ते अंतर ७ नॅनोमीटरच्या आसपास जाते.

सांगलीच्या एप्रिलमध्ये चिपवरचा थेंब बघता बघता आटतो, क्षार दाट होतात आणि पीएसए नसतानाही डिरॅक बिंदू (ज्या गेट-व्होल्टेजला ग्राफीनमधला प्रवाह सर्वांत कमी असतो, ज्याच्या सरकण्यावरून पीएसए मोजतात) सरकतो; त्यामुळे ओला टिपकागद घातलेल्या झाकणबंद पेट्री डिशमध्येच चिप ठेवावी आणि शेजारी प्रतिपिंडाविना दुसरी चिप तुलनेसाठी मोजावी.