फ्रेममधलं इंद्रजाल: केस पंचनाम्यातच जिंकायची

जत्रा असो वा आठवडी बाजार, पूजेच्या सामानाच्या दुकानात काचेच्या फ्रेममध्ये काळी, चपटी, जाळीसारखी फांदी टांगलेली दिसते. नजर, करणी, वास्तुदोष यांवर 'इंद्रजाल' म्हणून ती खपते आणि दुकानदार तिला जंगलातली मुळी म्हणतो. खरी असेल तर ती समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ असते, म्हणजे प्राणी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, हे प्रवाळ २००१ पासून आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ-बिबट्याच्या केसेस केलेला वनकर्मचारीही इथे चुकतो, कारण मालाला ना कातडं, ना नख.

चूक होते ती एका शब्दाची. पंचनाम्यात 'इंद्रजाल वनस्पती, १ नग' लिहिलं की बचावाच्या वकिलाचं अर्धं काम तुम्हीच केलं. त्याऐवजी दिसेल ते लिहा: काळ्या रंगाची, एका प्रतलात फाटे फुटलेली, जाळीदार वस्तू, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, विक्रेता तिला इंद्रजाल म्हणतो. ओळख तज्ज्ञ ठरवतील. प्लास्टिकचा नकली मालही येतो, म्हणून अहवालाआधी ठामपणे काही लिहू नका. जळल्यावर केसांसारखा वास येतो म्हणून जागेवर तुकडा पेटवून बघतात. तसं करू नका, पुरावाच कमी होतो.

झडती वन्यजीव कायद्याच्या कलम ५० खाली. वन अधिकारी किंवा उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाचा पोलीस ती घेऊ शकतो. पंच गावातले पण दुकानदाराच्या नात्याबाहेरचे घ्या. फ्रेम भिंतीवर असतानाच फोटो आणि व्हिडिओ काढा. कुणाच्या ताब्यातून मिळालं हे सिद्ध झालं तरच कलम ५७ चं गृहीतक लागू होतं आणि कायदेशीरपणा दाखवायची जबाबदारी आरोपीवर जाते. नग कोरड्या कागदात गुंडाळून कापडी पिशवीत, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. सीलचा ठसा पंचनाम्यावरही उमटवा. प्लास्टिकमध्ये पावसाळ्यात बुरशी धरते. फॉर्मेलिन तर नकोच, त्यात डीएनए बिघडतो. नमुना भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे पाठवा.

शंख दिसले म्हणून सरसकट उचलू नका, सगळे अनुसूचीत नाहीत. मुळी म्हणून विकली जाणारी हातजोडी मात्र बघा. ती समुद्रातली नसली तरी घोरपडीचं लिंग असते आणि घोरपडही अनुसूची १ मध्येच आहे.

पीओआर (प्राथमिक गुन्हा अहवाल) झाला की मुद्देमाल आणि आरोपी विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न्या. पोलिसांनी माल पकडला असेल तर आरएफओंना (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना) लगेच कळवा. कलम ५५ प्रमाणे न्यायालय दखल घेतं ते अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवर. नुसत्या दोषारोपपत्रावर विसंबलेली केस इथेच अडते. कबुलीजबाब अधिकृत एसीएफ (सहायक वनसंरक्षक) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने, आरोपीच्या समक्ष नोंदवलेला हवा. शिक्षा ३ ते ७ वर्षं, दंड किमान २५ हजार. म्हणून पैसे भरून तडजोडीचा प्रश्नच येत नाही.

गावचा दुकानदार साखळीचं शेवटचं टोक. किनाऱ्याकडून त्याच्यापर्यंत माल कोणी पोचवला ते शोधायला कुरिअरच्या पावत्या, यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सॲपवरचे फोटो लगेच ताब्यात घ्या. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा; ते राहिलं की हा पुरावा बाजूला पडतो आणि मोठा व्यापारी सुटतो.